ए७व्ही रणगाड्याचे १/३५ मॉडेल : बांधणी, रंग आणि चौतीस दिवसांची झीज

देवळाली कॅम्पात आमच्या ओळखीचे एक काका राहतात. ते तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. काही वर्षांपूर्वी मी पूर्ण केलेला पहिला ए७व्ही त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "हा गाडा किती वर्षे उन्हापावसात उभा होता?" मी त्या मॉडेलच्या चारही बाजूंना तांबूस गंजाचे लांब ओघळ काढले होते, रिव्हेटभोवती गंजाची वर्तुळे केली होती आणि छताचा निम्मा रंग उडवला होता. काकांना ते काम सफाईदार वाटले, पण खरे वाटले नाही. "यंत्राला गंज चढायला वेळ लागतो, आणि लढाईतल्या यंत्राला तेवढा वेळ कुठे मिळतो?" असे ते म्हणाले, आणि मी तेव्हापासून झिजेच्या कामाची सुरुवात रंगाच्या बाटलीने न करता कॅलेंडरने करू लागलो. मॉडेलवरचा प्रत्येक डाग कोणत्या तारखेचा आहे आणि कोणत्या मातीचा आहे, या दोन प्रश्नांना उत्तर मिळत नसेल तर तो डाग काढू नये. या लेखातील सगळ्या कृती या दोन प्रश्नांवर बेतलेल्या आहेत.

आधी गाड्याविषयी. पहिल्या महायुद्धात जर्मनीने स्वतः बांधून रणांगणावर उतरवलेला ए७व्ही हा एकमेव रणगाडा. ब्रिटिशांनी १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत पहिल्यांदा रणगाडे आणले, त्यानंतर जर्मन युद्धमंत्रालयाच्या वाहतूक विभागाने अशा यंत्राचे काम हाती घेतले आणि आराखड्याची जबाबदारी जोसेफ फोल्मर या अभियंत्याकडे आली. त्या विभागाचे जे संक्षिप्त नाव होते तेच गाड्याला चिकटले. खालचा चालता सांगाडा होल्ट या अमेरिकन साखळीपट्ट्यांच्या ट्रॅक्टरच्या धर्तीवर होता, आत प्रत्येकी शंभर अश्वशक्तीची दोन डेमलर इंजिने होती, पुढे ५७ मिलिमीटरची तोफ आणि बाजूंना व मागे मिळून सहा मशीनगन होत्या. वजन तीस टनांच्या आसपास, आणि आत निदान अठरा माणसे. असे गाडे तयार झाले अवघे वीस.

मूळ गाडा सुमारे ७.३४ मीटर लांब होता, म्हणजे १/३५ प्रमाणात मॉडेल साधारण २१ सेंटिमीटर भरते. त्याचा आकार पालथ्या घातलेल्या लोखंडी पेटीसारखा आहे. बाजूच्या भिंती सपाट आणि मोठ्या, पुढचा-मागचा भाग जवळजवळ सारखा, आणि छतावर मधोमध चालकाची चौकोनी केबिन. पुढच्या काळातील जर्मन रणगाड्यांचे मॉडेल करताना चाके, साखळ्या, अवजारे, जाळ्या, सुटे भाग अशा शंभर गोष्टींवर नजर फिरत राहते. ए७व्हीवर लपायला जागा नाही. भिंतीवरचा रंग कंटाळवाणा झाला तर सगळे मॉडेल कंटाळवाणे होते, आणि तिथे झिजेचा अतिरेक केला तर तो दहा फुटांवरून दिसतो. मला हे मॉडेल आवडण्याचे खरे कारण हेच आहे.

तारीख ठरवणे

मी येथे 'मेफिस्टो' हा गाडा घेतो, क्रमांक ५०६, आणि तारीख घेतो २४ एप्रिल १९१८, सकाळची वेळ, स्थळ फ्रान्समधील व्हिलेर-ब्रेतोन्नू. त्याच दिवशी तेथे 'निक्स' नावाचा दुसरा ए७व्ही आणि तीन ब्रिटिश रणगाडे समोरासमोर आले, आणि रणगाड्याने रणगाड्याशी केलेली ती इतिहासातील पहिली लढाई ठरली. मेफिस्टो त्या दिवशी तोफगोळ्याच्या खड्ड्यात अडकला आणि सोडून द्यावा लागला. जुलै १९१८ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांनी ब्रिटिश रणगाड्यांच्या मदतीने तो ओढून काढला आणि १९१९ मध्ये तो जहाजाने ब्रिस्बेनला पोहोचला. वीसपैकी आज शिल्लक असलेला हा एकच गाडा असून तो क्वीन्सलँड संग्रहालयात आहे.

येथेच एक सापळा आहे. मेफिस्टोची जी रंगीत छायाचित्रे आपल्याला सहज मिळतात ती सगळी संग्रहालयातील आहेत. हा गाडा ब्रिस्बेनमध्ये वर्षानुवर्षे उघड्यावर उभा होता, २०११ च्या पुरात त्याला पाणी लागले, आणि पकडल्यानंतर सैनिकांनी त्याच्यावर आपली नावे व चित्रे रंगवली ती वेगळीच. त्या छायाचित्रांवरून रिव्हेटची जागा, पत्र्यांचे सांधे आणि तोफेच्या ढालीचा आकार जरूर घ्यावा, पण गंज घेऊ नये. ए७व्ही पहिल्यांदा लढाईत उतरले ते २१ मार्च १९१८ रोजी, सेंट क्वेंतिनजवळ. तेथपासून २४ एप्रिलपर्यंत मोजले तर चौतीस दिवस होतात. चौतीस दिवसांत जाड पोलादाच्या रंगवलेल्या भिंतीवर ओघळणारा गंज येत नाही. चिखल येतो, धूळ येते, तेल-ग्रीस सांडते, बुटांनी रंग घासला जातो, गोळ्यांचे ओरखडे येतात आणि धुराच्या नळ्या तापून त्यांचा रंग बदलतो. एवढेच आपल्याला दाखवायचे आहे.

किट आणि बांधणी

१/३५ मध्ये मेंग कंपनीचे किट मी वापरतो. टाउरोचे जुने इटालियन किट कोणाकडे पडून असेल तर तेही वाया घालवू नये, फक्त त्यात फटींत लांबी (पुट्टी) भरण्याचे काम बरेच निघते. जागा कमी असेल तर एमहारचा १/७२ चा छोटा गाडाही चालेल, पण खाली दिलेली मातीची कृती त्या प्रमाणात आणखी बारीक करावी लागेल. वीस गाड्यांचे पोलादी कवच दोन कारखान्यांत तयार झाले आणि त्यांतील पत्र्यांची विभागणी सारखी नव्हती, म्हणून किट घेण्यापूर्वी आपण ज्या क्रमांकाचा गाडा करणार आहोत त्याच्या बाजूच्या भिंतीवर उभे सांधे आहेत का, हे जुन्या छायाचित्रात पाहून घ्यावे.

भाग फ्रेमवरून निपरने कापताना दोन टप्प्यांत कापावेत, म्हणजे भागाच्या कडेला पांढरा ओरखडा येत नाही. उरलेला कोंब धारदार पात्याने काढून वॉटर पेपरने, आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या, पाणी लावून घासावा. पेटीसारख्या आकाराचे मॉडेल जोडताना सर्वांत मोठी चूक होते ती काटकोनाची. चारही भिंती एकदम चिकटवू नयेत. तळाचा पत्रा आणि एक बाजू जोडून आतल्या कोपऱ्यात छोटा गुण्या धरावा, पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडणारा द्रव) आतल्या बाजूने ब्रशने सांध्यावर फक्त टेकवावे म्हणजे ते आपोआप फटीत ओढले जाते, आणि तासभर थांबावे. मगच दुसरी बाजू. माझ्या दुसऱ्या मॉडेलमध्ये मी घाई केली आणि छत बसवताना डाव्या बाजूला जवळजवळ एक मिलिमीटर फट राहिली. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाड्यावर साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे पुढच्या ३० मिलिमीटर जाडीच्या चिलखताहून मोठी भेग. हे गणित मनात ठेवले की हात आपोआप सावकाश चालतो.

सांध्यांत लांबी भरून घासताना शेजारचे रिव्हेट हमखास सपाट होतात, आणि ए७व्हीवर रिव्हेटच्या रांगा हीच शोभा आहे. म्हणून घासण्यापूर्वी रिव्हेटच्या ओळीवर मास्किंग टेप लावावी. तरीही काही गेलेच, तर किटमधील जे भाग बाहेरून दिसणार नाहीत त्यांच्यावरचे रिव्हेट नव्या पात्याने आडवे तासून काढावेत, ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलून जागेवर ठेवावेत आणि सिमेंटचा अगदी सूक्ष्म थेंब द्यावा. हे काम सकाळच्या उजेडात, पंखा बंद करून करावे. मी एकदा अशा अकरा रिव्हेटांची ओळ पूर्ण करायला एक संपूर्ण रविवार घेतला, आणि आज त्या भिंतीकडे पाहताना त्या दिवसाचे काहीच वाईट वाटत नाही.

साखळीपट्टे, आणि रस्त्यावरचा पोकलेन

ए७व्हीच्या बाजूच्या भिंती खाली उतरून चालता सांगाडा बराचसा झाकून टाकतात, त्यामुळे चाके फारशी दिसत नाहीत. दिसतो तो पट्ट्यांचा खालचा भाग आणि दोन्ही टोके. जेवढे दिसते तेवढे मात्र अचूक हवे. पट्टे कसे रंगवावेत हे मी पुस्तकांतून शिकलो नाही. नाशिकमध्ये कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो आणि तेथे पोकलेन उभा असतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबलेले असते, तेव्हा चालकाला विचारून पाच मिनिटे त्याच्या साखळीजवळ उकिडवे बसावे. जमिनीला टेकणारी कडीची उंच कड चांदीसारखी घासलेली असते, पण तिच्या अगदी शेजारचा खोलगट भाग तपकिरी असतो. दोन कड्यांच्या सांध्यातील खिळ्याजवळ माती इतकी घट्ट दाबलेली असते की ती खडकासारखी दिसते. चाक ज्या पट्टीवरून फिरते ती आतली पट्टी काळपट आणि चकचकीत असते. आणि सुटी, सैल माती साखळीवर जवळपास नसतेच, कारण यंत्र चालताना ती झटकली जाते. सैल माती असते ती झाकणांच्या कडांवर आणि सांगाड्याच्या आडव्या भागांवर. ए७व्हीचे पट्टे रंगवताना मी हेच करतो. आधी पट्ट्यांना काळपट तपकिरी रंग, मग बर्न्ट अंबर तैलरंगाचा पातळ वॉश, मग सांध्यांत दाबून बसवलेली माती, आणि सर्वांत शेवटी उंच कडांवर ६बी पेन्सिलचे शिसे बोटाने घासून आणलेली चमक.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातही मी दोनदा जाऊन आलो आहे. तेथील गाडे अनेकदा रंगवलेले असल्याने त्यांच्यावरून रंगछटा घेण्यात अर्थ नाही. पण पावसाचे पाणी मोठ्या लोखंडी भिंतीवर कुठे साचते, कुठून वळते आणि कोणत्या कडेखाली कोरडी जागा सोडते, हे पाहण्यासाठी नाशिकहून एका दिवसाचा प्रवास नक्कीच सार्थकी लागतो.

रंग

मेफिस्टोचा एप्रिल १९१८ मधील मूळ रंग करडा धरून मी काम करतो. त्या वर्षीच्या छायाचित्रांत रंग नाहीत, त्यामुळे छटेवर अभ्यासकांत एकमत नाही. मी टामिया कंपनीचा एक्सएफ-६५ फील्ड ग्रे हा पाया मानतो. त्याआधी प्राइमरचा एक हात आवश्यक आहे, कारण लांबी भरलेली जागा आणि उघडे प्लास्टिक वेगवेगळा रंग शोषतात. एअरब्रशसाठी रंग आणि एक्स-२० ए थिनर साधारण समान प्रमाणात घ्यावेत, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय ठेवावा आणि तीन पातळ हात द्यावेत.

सपाट मोठी भिंत एकाच छटेत रंगवली तर ती खेळण्यासारखी दिसते. म्हणून दुसऱ्या हातात त्याच रंगात एक्सएफ-५५ डेक टॅनचे थोडे थेंब मिसळून प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागी आणि वरच्या निम्म्या भागावर फवारावे, आणि खालची कड मूळ गडद छटेतच ठेवावी. फरक इतकाच हवा की तो असल्याचे पाहणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये. मी अनेक मॉडेलांवर भिंतीच्या मधोमध जवळजवळ पांढरा पट्टा पाहतो. तो मला पटत नाही, कारण एकाच पत्र्याला एकाच दिवशी लावलेला रंग चौतीस दिवसांत इतका फिका पडत नाही.

हवामानाबद्दल येथेच सांगितले पाहिजे. नाशिकची कार्तिक ते माघ या काळातील कोरडी थंडी हा रंगकामाचा सर्वोत्तम हंगाम आहे. एकदा मी आषाढात, बाहेर झड लागलेली असताना, गॅलरीत मॅट व्हार्निश फवारले आणि अर्ध्या तासात संपूर्ण गाड्यावर दुधासारखी पांढरी साय आली. हवेतील ओलावा व्हार्निशमध्ये अडकला की असे होते. तीव्र नसेल तर कोरड्या दिवशी थिनर जास्त घातलेला चकचकीत व्हार्निशचा पातळ हात देऊन ते बरेचसे निवळते, पण पावसाळ्यात शेवटचा हात देऊच नये, हे मी तेव्हा ठरवले. पावसाळा बांधणीसाठी ठेवावा आणि दिवाळीनंतर रंगकामाला लागावे.

पाया वाळल्यावर टामियाच्याच एक्स-२२ या पारदर्शक रंगाचा चकचकीत हात द्यावा, म्हणजे डेकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राखाली) हवेचे बुडबुडे राहत नाहीत. १९१८ च्या वसंतात जर्मन यंत्रांवर रुंद टोकांच्या क्रॉसच्या जागी सरळ बाहूंचा क्रॉस येऊ लागला, म्हणून डेकलच्या कागदावर दोन्ही असतील तर आपल्या तारखेचे छायाचित्र पाहून निवड करावी. मेफिस्टोची ओळख म्हणजे ब्रिटिश रणगाडा काखेत मारून पळणारा सैतान. तो डेकल रिव्हेटांवर बसवताना डेकल मऊ करणारे द्रावण दोनदा लावावे, रिव्हेटवर ताणलेल्या जागी बारीक सुईने टोचावे आणि ओल्या कापसाने वरून दाबावे. घाईने ओढले तर सैतानाचा पाय तुटतो आणि तो हाताने रंगवणे फार कठीण जाते.

रंग उडणे, तेल आणि धूर

एक्स-२२ चे हे कवच पुरते वाळल्यावरच तैलरंगांना हात घालावा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कॅमलचे आर्टिस्ट तैलरंग या कामाला पुरेसे चांगले आहेत. रॉ अंबर आणि थोडा काळा पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवावा, म्हणजे त्यातील जवस तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. मग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून फक्त रिव्हेटांच्या बुडाशी आणि सांध्यांवर टोकदार ब्रशने टेकवावा. संपूर्ण भिंतीवर वॉश ओतू नये. वीस मिनिटांनी स्वच्छ टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळलेल्या ब्रशने कडा वरून खाली विरवाव्यात.

उडालेला रंग फक्त तेथे दाखवावा जेथे माणसाचा हात किंवा बूट लागतो. दरवाज्याची कड, पायऱ्या, हातकड्या, केबिनच्या झडपा आणि मशीनगनच्या खिडक्यांच्या कडा या त्या जागा. स्पंजचा बारीक तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करावा आणि मग टेकवावा. अठरा माणसे त्या दोन-तीन वाटांनीच आत-बाहेर करत होती, हे लक्षात ठेवले की झीज कुठे दाट आणि कुठे विरळ ठेवायची हे वेगळे ठरवावे लागत नाही. गोळ्यांच्या खुणांसाठी एचबी पेन्सिलच्या टोकाने एक ठिपका द्यावा आणि तो बोटाने एका दिशेला किंचित ओढावा. शिसे पोलादावर आपटून पसरल्याची ती खूण हुबेहूब दिसते. अशा खुणा पुढच्या भागावर सात-आठ पुरेत.

गंजाला एकच जागा मोकळी आहे, ती म्हणजे धुराच्या नळ्या. तेथे तापून रंग जळतो आणि उघडे लोखंड एका पावसातही तांबूस होते. गेरूची वस्त्रगाळ पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लावावी आणि तोंडाशी काजळी द्यावी. इंजिनावरच्या छताच्या जाळ्यांभोवती तेलाचे दोन-चार गडद, किंचित चमकणारे डाग द्यावेत.

माती

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पहिल्या मॉडेलवर मी आमच्याच मळ्याच्या बांधावरची माती वापरली होती. नाशिकची काळी जमीन द्राक्षाला आणि कांद्याला मानवणारी आहे, पण ती बसाल्ट खडकाची माती आहे, ओली झाली की जवळजवळ काळी दिसते आणि वाळली तरी गडदच राहते. व्हिलेर-ब्रेतोन्नूच्या पठारावर वर पिवळसर तपकिरी गाळवट माती आहे आणि तिच्याखाली पांढरा चुनखडीचा खडू. तोफगोळे पडले की खालचा खडू वर येऊन त्या मातीत मिसळतो, आणि वाळल्यावर चिखल फिकट, राखाडी-पांढरट दिसतो. इगतपुरीकडचा तांबडा मुरूमही येथे चालत नाही.

उत्तर मला भाद्रपदात सापडले. घरच्या गणपतीसाठी आणलेल्या शाडूच्या मातीचा उरलेला गोळा गच्चीच्या कठड्यावर वाळत पडला होता, आणि त्याच्या तडकलेल्या पापुद्र्याचा रंग मी जुन्या वर्णनांत वाचलेल्या त्या चिखलाचाच होता. तेव्हापासून मी दरवर्षी लिंबाएवढा गोळा बाजूला काढून ठेवतो. तो पूर्ण वाळवून वेगळ्या ठेवलेल्या खलबत्त्यात कुटावा आणि जुन्या मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करावा. या वेळी नाकातोंडाला मास्क अवश्य लावावा. अर्धा मिलिमीटरचा कण म्हणजे १/३५ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरचा खडा, म्हणून रांगोळीची पूड थेट वापरता येत नाही. तीसुद्धा गाळून, आणि फक्त जाड चिखलात, चिमूटभर घालावी.

माझे प्रमाण असे आहे : शाडू तीन भाग, मुलतानी माती एक भाग आणि गेरू अगदी नखावर मावेल इतका. हे मिश्रण लोखंडी तव्यावर मंद आचेवर दहा मिनिटे भाजावे. ही पायरी मी एका वर्षी गाळली आणि श्रावणात कपाट उघडले तेव्हा पट्ट्यांवरच्या चिखलाला कापसासारखी पांढरी बुरशी आली होती. ती काढताना खालचा रंगही गेला. भाजलेल्या पुडीच्या तीन वाट्या कराव्यात. पहिल्या वाटीत पूड तशीच कोरडी. दुसऱ्या वाटीत तीत पाणी, फेव्हिकॉल आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब घालून श्रीखंडाइतके घट्ट मिश्रण. फेव्हिकॉल नसेल तर शाडू वाळताना तडकतो आणि पापुद्रे सुटतात. तिसऱ्या वाटीत तेच मिश्रण, पण बर्न्ट अंबर रंगाचा ॲक्रिलिक आणि थोडे चकचकीत व्हार्निश घालून गडद केलेले. हा त्या सकाळचा ओला चिखल.

लावण्याचा क्रम जुन्याकडून नव्याकडे असावा. आधी चौतीस दिवसांची धूळ : कोरडी पूड मऊ ब्रशने भिंतीच्या खालच्या तिसऱ्या भागावर, रिव्हेटांच्या वरच्या बाजूला आणि छताच्या कडांना टेकवावी आणि टर्पेंटाइनचा थेंब शेजारी सोडून ती ओढून घेऊ द्यावी. वाळताना ती आधी नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी परत उमटते, म्हणून त्याच दिवशी आणखी घालू नये. त्यानंतर दुसऱ्या वाटीतील वाळका चिखल, पट्ट्यांच्या टोकांजवळच्या भिंतीवर. जुन्या ताठ ब्रशवर थोडे मिश्रण घेऊन आईस्क्रीमच्या काडीवर ब्रशचे केस ओढून सोडावेत, म्हणजे शिंतोडे पट्ट्यांच्या गतीच्या दिशेने उडतात. आधी कागदावर सराव करावा. शिंतोडे पट्ट्यापासून दूर जाताना लहान आणि विरळ होत गेले पाहिजेत.

ए७व्हीचा पुढचा आणि मागचा भाग पट्ट्यांच्या बराच पुढे आणि मागे आलेला असून जमिनीपासून फार वर नाही. खंदक किंवा खड्डा ओलांडताना हे नाक मातीत रुतत असे, आणि गाडा अडकण्याचे एक मोठे कारण तेच होते. म्हणून मी सर्वांत जाड चिखल तेथे, पुढच्या खालच्या कडेला लावतो, जवळजवळ चार मिलिमीटर, म्हणजे खऱ्या गाड्यावर चौदा सेंटिमीटर. त्यात दोन-तीन वाळक्या दर्भाच्या काड्यांचे बारीक तुकडे रोवावेत. आघाडी त्या गावापाशी मार्चच्या अखेरीस पोहोचली होती आणि तोवर तेथे शेते उभी होती, त्यामुळे ती जमीन वर्षानुवर्षे उखडलेले ओसाड रान नव्हते, आणि नाकावरच्या चिखलात गवत असणे स्वाभाविक आहे.

२४ एप्रिलच्या सकाळी दाट धुके होते. ही एक गोष्ट मॉडेलवरील शेवटचा हात ठरवते. धुक्यात भिजलेली धूळ उडत नाही, ती गडद होऊन चिकटून बसते. म्हणून मॅट व्हार्निशचा पातळ हात मातीच्या कामाआधी द्यावा आणि मातीवर पुन्हा फवारू नये. छताच्या आडव्या पत्र्यांवर, केबिनच्या बुडाशी आणि पुढच्या ढालीच्या वरच्या कडेला अगदी पातळ केलेले सॅटिन व्हार्निश ब्रशने ठिपक्या-ठिपक्यांनी टेकवावे. मग तिसऱ्या वाटीतील ओला चिखल फक्त पट्ट्यांवर, नाकाच्या खालच्या कडेला आणि दरवाज्याखालच्या पायरीवर. हे काम झाल्यावर मॉडेल तिरप्या उजेडात धरून पाहावे. ओले, दमट आणि कोरडे असे तीन भाग नजरेला वेगळे दिसले पाहिजेत, पण त्यांच्यामधील रेषा कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येऊ नये. रेषा दिसत असेल तर तेथे पहिल्या वाटीतील पूड कोरड्या ब्रशने थोडी विरवावी.

मागच्या हिवाळ्यात असा पूर्ण केलेला मेफिस्टो मी पुन्हा देवळालीला नेला. काकांनी तो तसाच खिडकीपाशी धरला, नाकावरच्या चिखलाला करंगळीचे नख लावून पाहिले आणि विचारले, "हा आज सकाळी निघालाय का?" मी हो म्हणालो.

मॉडेल लाकडी पाटावर दोन बारीक स्क्रूंनी खालून आवळून बसवावे, कारण जाड चिखलामुळे ते तळाला सपाट टेकत नाही आणि उचलताना पट्टा सुटतो. वर काचेची पेटी हवी. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्यात आणि दरवर्षी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी त्या बदलाव्यात.